तुमचा कोण लागतो

"सर, तुमच्या आई म्हणतात की तुम्ही त्यांचे कुणी नाही," असं फोनवरची मुलगी म्हणाली तेव्हा मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलच्या गठ्ठ्यांवरची लेबलं तपासत उभा होतो. टेंपो लागलेला, हमाल खोळंबलेले, पॅकिंगच्या बायकांची तेलुगूत काहीतरी थट्टा चाललेली आणि नाकातोंडात सुताचा बारीक भुगा. मी म्हटलं, परत सांगा. तिनं परत सांगितलं, तितक्याच मऊ आवाजात. बजाबाईंना आमच्या डॉक्टरांचा कॉल गेला होता सर, आरोग्य विम्याच्या प्रस्तावासाठी, कॉल रेकॉर्ड होतो. त्यांना विचारलं, मुलं किती. त्या म्हणाल्या, दोन झाली, दोन्ही गेली. मग विचारलं, कोंडीबा तुमचा कोण लागतो. त्या म्हणाल्या, कोणी नाही, तो गोजाबाईचा आहे. नातं जुळत नसल्यामुळे तुमचा प्रस्ताव सध्या थांबवलाय, काही शंका आहे का सर. शंका म्हणे. मला हसू आलं. मोठ्यानं हसलोही, हमाल बघायला लागले. मग ते हसू मधेच कुठंतरी विझलं, आणि मी फोन खिशात घालून लातूरच्या गठ्ठ्यावर हुबळीचं लेबल चिकटवलं.

ह्यात गूढ वगैरे काही नाही. आमच्या वस्तीवर कुणालाही विचारा, सांगेल. वैरागच्या अलीकडं आमची वस्ती. माझ्या आधी बजाबाईला एक मुलगी झाली, ती रांगायच्या आत गेली. मग मुलगा झाला, तो चालायला लागून गेला. मग मी. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं पुढचं लेकरू आपलं म्हणायचं नाही अशी रीत. दुसऱ्याचं आहे म्हटलं की नेणारा चकतो. पाचवीच्या दिवशी सुईणीनं मला सुपात कोंड्यावर निजवलं. समोरच्या घरातली गोजाबाई उंबऱ्याशी आली. तिला मूलबाळ नव्हतं. तिनं ओच्यात आणलेला जोंधळ्याचा कोंडा बजाबाईच्या पदरात ओतला आणि सुपासकट मला उचलून आपल्या घरी नेलं. विकत. कोंडा देऊन घेतला म्हणून कोंडीबा. उजवी नाकपुडी टोचली ती वेगळीच, तिचं भोक अजून बुजलेलं नाही. दिवेलागणीला गोजाबाईनं मला परत आणलं आणि म्हणाली, बजे, माझं लेकरू हाय ह्ये, दूध पाज, संबाळ, मी येत जाईन बगायला. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. चकवायचं होतं ते फक्त मरणाला. मग मी त्या घरात वाढलो, जेवलो, शाळेत गेलो.

बोलायला लागलो तशी गोजाबाईला मी आई म्हणायला लागलो आणि माझ्या आईला वैनी. चुलते तिला वैनी म्हणायचे म्हणून मीही. मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. तुम्ही बोलायला कसं शिकलात ते तुम्हाला आठवतं का? वैनी म्हटलं की पुढं अहोजाहो आलंच. वैनी, तुमी जेवला का. वैनी, तुमी कवा आला. गोजाबाईच्या मात्र गळ्यात पडायचं, आई, मला खारे दाणे दे, तू लई चिकट हाईस. म्हणजे जिनं नऊ महिने पोटात वागवलं तिला मी जन्मात कधी तू म्हटलं नाही. मनात मात्र तिला मी 'ती'च म्हणतो, 'त्या' नाही, मनावर कुणाची पाळत नाही. आणि ती मला काय म्हणायची? गोजीच्या. ए गोजीच्या, भाकरी खाऊन जा. ए गोजीच्या, डोस्क्याला त्याल लाव की, काय भूत दिसतोयस. चारचौघात ती माझ्या अंगावर खेकसायची सुद्धा, दुसऱ्याच्या पोरावर खेकसावं तशी, पण जरा कमीच, कारण दुसऱ्याच्या पोरावर फार खेकसता येत नाही. तापानं फणफणलो की रात्रभर उशाशी ती बसायची आणि दिवस उजाडला की दारात उभी राहून ओरडायची, गोजे, तुझं पोरगं तापलंय, घिऊन जा बाई. गोजाबाई यायची, कपाळावर हात ठेवायची, थोडा वेळ बसून जायची. मी डोळे मिटून पडलेला असायचो आणि मला दोन्ही हात ओळखू यायचे. एक कोरडा, एक ओला. ओला वैनीचा, कारण ती सदा भांड्यात नाहीतर धुण्यात.

विम्याचं खूळ वैजयंतीचं, माझ्या बायकोचं. तिच्या माहेरी वडिलांचं आजारपण निघालं आणि घर धुऊन निघालं, तेव्हापासून तिनं धोशा लावला होता. आत्यांची पॉलिसी काढा. सासूला ती आत्या म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात, आणि त्या हाकेत कुणी कुणाची आई असावी लागत नाही. वैनीला तेव्हा तसं काही झालेलं नव्हतं. चढ चढली की धाप लागायची, ती कुणाला लागत नाही? मी शहाजीला गाठलं. शहाजी मोडनिंबचा, आधी ठिबकच्या नळ्या विकायचा, आता विमा विकतो, सात रस्त्याला चहाच्या गाड्यापाशी त्याचं ऑफिस, म्हणजे मोटारसायकलीचं सीट. त्यानं मोबाईलवर कंपन्या ओळीनं दाखवल्या. ही साहेब, आईवडिलांना घेती, पण जुन्या आजाराला थांबायला लावती. ही थांबायला लावत न्हाय, पण खोलीच्या भाड्यावर कात्री. हिचं हास्पिटलचं जाळं मोठं, सोलापुरात बी लई हास्पिटलं हायत. ही बघा, म्हाताऱ्या माणसाला तपासायला दवाखान्यात बोलवत न्हाय, फोनवरच डाक्टर बोलतो, झालं. मला ती शेवटची आवडली. वैनीला वस्तीवरून उठवून सोलापुरात आणायचं, उपाशीपोटी रक्त काढायचं, हे तिला पटलं नसतं. फोनवर बोलायचं तर बोलेल, बोलायला ती कुणाला ऐकत नाही. इतका सोपा विचार करून मी कंपनी निवडली होती.

प्रस्ताव थांबल्यावर शहाजीला मी सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. त्याच्याही गावात असाच एक धोंडीबा होता. चहाचा ग्लास सीटवर ठेवून तो म्हणाला, "कागदं आपण आणू साहेब, रेशन कार्ड हाय, तुमच्या वडलांचं नाव दोन्हीकडं हाय. पण त्यांच्याकडं आवाज हाय म्हातारीचा. आवाजाम्होरं कागूद चालंना." मग त्यानं दुसरी कंपनी काढली. हिच्यात फोन नाही. दवाखान्यात नेऊन रक्त आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची, एक अंगठा, बाकीचं मी भरतो. कुणी तिला काही विचारणार नाही. किंवा हीच पहिली कंपनी, हिला अर्ज केला तर परत एकदा फोन लावतील, तुम्ही शेजारी बसा, म्हातारीला आधी समजावून ठेवा, की व्हय म्हण. "पण साहेब, माझं ऐकाल तर बिनफोनवाली घ्या. झंजटच नको." सरळ होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं बिनफोनवाली घेतली असती. मी इतकी वर्षं गाड्यांच्या नंबरपासून दोऱ्याच्या गाठीपर्यंत सगळं पडताळून माल पाठवणारा माणूस. मी म्हणालो, पहिलीच ठेवा. परत फोन लावायला सांगा.

घरी वैजयंतीनं विचारलं, का. मी म्हटलं, तिचं हॉस्पिटलांचं जाळं मोठं आहे. उगाच काहीतरी. ती पीठ मळत होती, मळता मळता थांबली आणि म्हणाली, "तुम्हाला पॉलिसी पाहिजे का आई पाहिजे, ते एकदा ठरवा." मी चिडलो. तिला म्हटलं, तुला काय कळतं, तुझी आई तुला रोज दोनदा फोन करून बाळा बाळा करते. नको ते बोललो. पण तिचं खरं होतं, आणि खरं बोललेलं मला सहन होत नाही, हा माझा स्वभाव आहे. मला तो फोन परत लागायला हवा होता. कुणीतरी लांबचं, ओळख नसलेलं, सरकारी आवाजात तिला विचारणार होतं, कोंडीबा तुमचा कोण लागतो, आणि ती म्हणणार होती, ल्योक. एकदाच. रेकॉर्ड होणार होतं. कंपनीच्या कुठल्या तरी मशीनमध्ये ते राहिलं असतं, मला ऐकायला मिळो न मिळो. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, डोक्यावर केस नाहीत, आणि चादरीखाली पडून छताकडं बघत मी तो एक शब्द तिच्या आवाजात ऐकून बघायचो. कसं म्हणेल? चटकन म्हणेल की अडखळेल? हसेल की काय? लाज वाटते सांगायला, पण वैनीच्या छातीचा, धापेचा, कशाचाच विचार त्यात नव्हता.

माझ्या लग्नात देवक बसवायला गोजाबाई बसली होती. हळद लावलेल्या अंगानं मी पाटावर, शेजारी गोजाबाई हिरव्या लुगड्यात, ओटी भरलेली, चेहरा नुसता फुललेला, कारण तिच्या जन्मात तो एकच दिवस होता. वैनी कुठं होती? मी मान वळवून वळवून बघत होतो. ती मांडवाच्या मागं चुलवणापाशी होती, आमटीच्या हंड्यात पळी फिरवत. कुणीतरी पाहुणी तिला म्हणाली, अवो, तुमी जावा की म्होरं. तर ही म्हणाली, मी काय करू म्होरं, माझं काय काम हाय तितं, आमटी करपंल. वऱ्हाडाच्या पंगती उठल्यावर मी तिच्या पाया पडायला गेलो तर तिनं हातातली पळी खाली ठेवली नाही. गोजीच्या, नीट रहा आता, म्हणाली. धुरानं डोळे लाल झाले होते तिचे, आणि मला तेव्हा वाटलं धूरच असणार, कारण तसं वाटलं की सोपं जातं. आणि गोजाबाई गेली तेव्हा? तेव्हा तर मीच कर्ता. मडकं मी धरलं, डोकं मी भादरलं, दहाव्याला कावळ्यापुढं हात जोडून मी उभा. घाटावरून परतलो तशा बायका एकेक करून पाठीवरून हात फिरवून जात होत्या. त्या बायकांत वैनी होती. तिच्या पाळीला ती आली, पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांसारखंच म्हणाली, "गप. आई गेली रं तुझी. आईसारकं कोन न्हाय जगात." मी तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा अगदी शांत होता, खोटं बोलणाऱ्याचा नसतो तसा. त्या वेळी माझ्या मनात आलं की ही विसरली. खरंच विसरली असेल. रोज म्हणून म्हणून खरं झालं असेल तिचं तिला. तिथून पुढं मला ते एकच भय वाटायचं, की मी जिच्या तोंडून ल्योक शब्द ऐकायची वाट बघतोय तिच्याजवळ आता तो उरलेलाच नाही.

फोनचा दिवस ठरला तसा मी रजा टाकून वस्तीवर गेलो. वैनी अंगणात लिंबाखाली शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसलो, दोन शेंगा फोडल्या, तिला समजावलं. हे बघा वैनी, फोन येईल. बाई असेल नाहीतर बाप्या. नाव विचारतील, वय विचारतील, दुखणं विचारतील. मग विचारतील, कोंडीबा कोण. तुमी म्हणायचं, मुलगा. कागदासाठी. उद्या तुमाला काय झालं तर दवाखान्याचा खर्च ते देतील. ती ऐकत होती. "आन मला काय हुतंय?" म्हणाली. मी म्हटलं, झालं तर. "बरं," म्हणाली. बरं म्हणाली ती, मी कानांनी ऐकलं. माझं काळीज असं काही धडधडायला लागलं की मीच त्या फोनवाल्या डॉक्टरला नाडी दाखवावी. आत जाऊन पाणी प्यालो. ज्या मडक्यातलं पाणी लहानपणी परवानगी घेऊन प्यायचो त्यातलंच.

फोन आला. मी स्पीकर लावला आणि तिच्या पुढ्यात शेंगांच्या टोपलीवर ठेवला. बाईचा आवाज होता, समजूतदार. आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा. सांगितलं. साखर आहे का, बीपी आहे का, कधी ऑपरेशन झालंय का. न्हाय, न्हाय, न्हाय. चढल्यावर दम लागतो का. "लागतो की, तुमास्नी लागत न्हाय?" बाई हसली. मीही हसलो. मग ती म्हणाली, आजी, तुमची किती अपत्यं, म्हणजे मुलं किती. वैनीचे हात शेंगांवर थांबले. दोन, ती म्हणाली. हयात आहेत का. न्हाय. कशानं गेली आजी? एक जुलाबानं, एक तापानं. बाईनं, बरं, म्हटलं, तिकडं कळफलकाचा टकटक आवाज आला. मग तिनं विचारलं, आणि आजी, कोंडीबा तुमचा कोण लागतो? वैनीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघत होतो. तिचे ओठ हलले. तो शब्द तिथं होता, मी शपथेवर सांगतो, ओठांपर्यंत आला होता, तिच्या गळ्याची शीर हलली, मी स्वतः पुढं झुकलो. वस्तीवर कुठंतरी शेळी ओरडत होती ती तेवढ्यात थांबली. मग तिनं मान फिरवली, टोपलीकडं, त्या फोनकडं, आणि एकेक अक्षर नीट उच्चारत, लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, "वळखीचा हाय. गोजाबाईचा ल्योक. माझं कोन न्हाय त्यो." आणि हातानं मला खूण केली, जा. आत जा. लांब जा.

मी टोपलीवरचा फोन उचलून बंद केला. मी तिला असं कधी बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो. वैनी, म्हटलं, काय लाज वाटती का मी तुमचा म्हणायला? कुणाला भिता? कोण बसलंय तिकडं ऐकायला? पगारी बाई आहे ती, दिवसाला असल्या शंभर म्हाताऱ्यांना विचारते. जग कुठं चाललंय, आणि तुमी कोंड्यात लोळताय अजून. पोटातलं सगळं आलं बाहेर, लग्नातली आमटीसुद्धा. ती ऐकत राहिली. शेंगा फोडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "तिनं आदी काय इचारलं? मागली किती मेली. लिवून घेतलं का न्हाय? मी ऐकलं, टकटक केलं तिनं. आन मेल्यालं लिवल्या लिवल्या लगीच इचारलं, ह्यो कोन. मी काय खुळी हाय व्हय?" मी म्हटलं, अवो ते विम्याचं असतं. "विम्याचं आसू दे न्हाईतर कशाचं. त्या दोगास्नी माझी म्हनले हुते मी. कुटं हायत?" मग तिनं माझ्याकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, बाजारातून आणलेलं धड आहे का ते बघावं तसं, आणि म्हणाली, "तू जित्ता हाईस न्हवं? मग?"

विसरली नव्हती ती. एक दिवस विसरली नव्हती. मी झोपलेला असेन, शाळेत असेन, सोलापुरात गठ्ठे मोजत असेन, आणि ही तिकडं भांडी घासता घासता राखण करत होती, एक शब्द दातांखाली धरून. मी एसटीत बसलो आणि बार्शी रोडभर खिडकीला डोकं लावून रडलो, शेजारच्या माणसानं सुपारी पुढं केली. मला राग आला होता की बरं वाटत होतं ते सांगता यायचं नाही. दोन्ही होतं. कंपनीनं प्रस्ताव फेटाळल्याचा मेसेज आला, शहाजी म्हणाला, चला आता तरी बिनफोनवाली घेऊ. मी व्हय म्हणालो. त्या कंपनीसाठी वैनीला सोलापुरात आणलं, छातीची पट्टी काढली, आणि ती पट्टी हातात धरून तिथला डॉक्टर जरा जास्तच वेळ बघत राहिला. पुढच्या तपासण्यांत निघालं, झडप खराब झाली होती, हृदय थकलं होतं. कधीपासून, ते कुणाला माहीत. शहाजीनं मग पुढच्या कंपनीचं नाव काढलं नाही. चहाचे पैसे त्यानं दिले. पहिल्याच वेळी बिनफोनवाली घेतली असती तर पट्टी पहिल्याच वेळी निघाली असती, हे त्यालाही कळत होतं, मलाही, आणि वैजयंतीला तर आधीच कळलं होतं. ती मात्र त्यावर कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

वैनी आता नाही. उन्हाळा संपता संपता गेली. दवाखान्यातच गेली, झोपेत, मी बाहेर बाकावर होतो. कारखान्यात रजेचा अर्ज दिला तेव्हा टेबलामागचा सोमलिंग, चांगला माणूस आहे, माझा मित्रच आहे, तो संकोचून म्हणाला, "कोंडीबा, आईचं एकदा झालंय की तुमचं. मागं रजा घेतली होती." मी म्हटलं, हो, झालंय. मग ही कोण, त्यानं विचारलं. तो पेन धरून थांबला. मी म्हटलं, तुम्हाला जे लिहायचं ते लिहा. त्यानं काय लिहिलं ते मी बघितलं नाही. खांदा दिला, मडकं धरलं, डोकं परत भादरलं, वस्तीवरच्या बायका परत पाठीवरून हात फिरवून गेल्या. आई गेली असं मात्र कुणी म्हणालं नाही. काय म्हणायचं ते त्यांनाही सुचलं नसेल. सगळं रीतसर झालं, आणि मला सारखं वाटत राहिलं की आपण हे चोरून करतोय, तिला कळलं तर ती खवळेल.

पण मला ते आठवत नाही फार. आठवतो तो तिला दवाखान्यात नेल्याचा दिवस. ऊन रणरणत होतं. वस्तीवरून जीप करून आणली होती. तिचा श्वास वर खाली होत होता, ओठ काळेनिळे, पाय सुजलेले, आणि ती मागच्या सीटवर माझ्या अंगावर रेलून बसली होती. तिनं माझा हात धरला होता. वैराग सोडल्यापासून धरला होता, दोन्ही हातांनी, मांडीवर घेऊन. तिच्या कोरड्या पडलेल्या बोटांनी ती माझी बोटं एकेक करून चाचपत होती, परत पहिल्यापासून. मी खिडकीबाहेर बघत होतो. बघितलं असतं तर तिनं सोडला असता म्हणून बघत नव्हतो. सोलापुरात होटगी रोडला दवाखान्यापाशी उतरलो, चाकाच्या खुर्चीत बसवली, तरी हात तसाच. खुर्ची दुसऱ्यानं ढकलली आणि मी शेजारून वाकून चालत गेलो. काउंटरवर नर्स होती, तरुण, घाईतली. नाव, वय, गाव. मग तिनं मान वर न करता विचारलं, "आणि तुम्ही पेशंटचे कोण?"

वैनीनं हात सोडला. झटक्यात, विस्तवाला लागावा तसा. तिला श्वास घेता येत नव्हता, तोंड उघडं होतं, बोलायची ताकद नव्हती तिच्यात, आणि ती माझ्याकडं बघत होती. खाली, खुर्चीतून, मान तिरकी करून. तिचे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते. फोनच्या वेळी ती उत्तर देणार होती, तिच्या हातात होतं. आता माझ्या हातात होतं. नर्सनं पेन आपटलं, अहो, कोण तुम्ही, मुलगा का? माझ्या तोंडात व्हय आला होता. इतक्या वर्षांचा आला होता. मी म्हणालो, "नाही. शेजारी आहे. ह्यांना मूलबाळ नाही." नर्स पुटपुटली, सहीला नातेवाईक लागेल. मी म्हटलं, तुम्ही आत घ्या त्यांना, सहीचं मी बघतो, मोठ्या डॉक्टरांशी मी बाजूला बोलतो. वैनीनं डोळे मिटले. उघडले. नर्सकडं बघून, एकेका श्वासाला एकेक शब्द असं करत तिनं सांगितलं, "चांगला... हाय पर... पोरगा. दुसऱ्याचा... असून." आणि तिनं माझा हात परत धरला.